जपानी ईमेल पाठवताना अक्षरांचा कचरा होऊ नये म्हणून: कोड ठरवण्यापासून कच्चा मेल तपासण्यापर्यंत

पुण्यातून जपानी ग्राहकाला मेल जातो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर येतं: ‘मोजिबाके (अक्षरांचा कचरा) झालंय, कृपया पुन्हा पाठवा.’ मग कोणीतरी प्रोग्रॅममधली चारसेटची, म्हणजे अक्षरांचा कोड कोणता ते सांगणारी, ओळ शोधतं आणि एक नाव खोडून दुसरं टाकतं. आता विषय नीट दिसतो, पण मजकूर बिघडतो. मजकूर जमवला की जोडलेल्या फाइलचं नाव जातं. जपानी पाठवणाऱ्या टीममध्ये हा खेळ कायम चालू असतो, कारण दुरुस्ती चुकीच्या टोकाकडून सुरू होते.

कामाला हात घालण्याआधी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, मेलमध्ये विषय, पाठवणाऱ्याचं नाव, मजकुराचा प्रत्येक भाग आणि प्रत्येक फाइलचं नाव यांचा कोड (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) स्वतंत्रपणे सांगितलेला असतो. एक सुधारल्यानं दुसरं सुधारत नाही. दुसरी, चारसेट हे फक्त लेबल आहे. डब्यावर ‘साखर’ लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. आधी बाइट बदलायचे, मग लेबल.

श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टच्या काळापासून आपल्याला सवय आहे: अक्षरं विचित्र दिसली की फॉन्ट बदलून बघायचा. तिथे तो उपाय चालायचा. जपानी मेलमध्ये जवळजवळ कधीच चालत नाही, त्यामुळे ‘तुमच्याकडे जपानी फॉन्ट आहे का?’ असं ग्राहकाला विचारू नका. त्याच्याकडे फॉन्ट आहे.

(कमांड, फंक्शन आणि कोडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती अर्थातच मूळ स्पेलिंगनं लिहायची.)

## १. बिघाड नक्की कुठला ते आधी ओळखा

समोरच्याकडून स्क्रीनशॉट मागवा. मेल फॉरवर्ड करायला सांगू नका, कारण फॉरवर्ड करताना त्याचा मेल-प्रोग्रॅम मजकूर पुन्हा कोड करतो आणि पुरावा नष्ट होतो. कचऱ्याचं रूप बरंच काही सांगतं (यूटीएफ-८, शिफ्ट-जिस, ईयूसी-जेपी आणि आयएसओ-२०२२-जेपी हे जपानी लिहिण्याचे कोड; हिरागाना आणि काताकाना या जपानी उच्चारलिप्या, कांजी ही चिनी मुळाची अक्षरं):

- डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा दिसतोय: मजकूर यूटीएफ-८ आहे, पण तो पश्चिम युरोपीय कोड समजून वाचला गेला. हिरागाना आणि काताकानाच्या यूटीएफ-८ रूपाचा पहिला बाइट नेहमी ई३ असतो. तोच तिथे हा ‘ए’ होऊन बसतो.
- डावीकडे धाग्याचं चिन्ह असलेल्या किचकट कांजी ओळीनं दिसताहेत: यूटीएफ-८ मजकूर शिफ्ट-जिस समजून वाचला गेला.
- अरुंद, अर्ध्या रुंदीचा काताकाना पसरलाय: मजकूर बहुधा ईयूसी-जेपी आहे आणि तो शिफ्ट-जिस म्हणून वाचलाय.
- एकाआड एक डॉलरची चिन्हं आणि मध्ये रोमन अक्षरं, अंक: मजकूर आयएसओ-२०२२-जेपी आहे, पण त्यातला एस्केप बाइट (इथून जपानी अक्षरं सुरू, असं सांगणारी खूण) वाटेत गळलाय.
- प्रश्नचिन्हं, किंवा ‘गेता’ म्हणतात तो दोन जाड आडव्या पट्ट्यांचा ठसा: मूळ अक्षर रूपांतरातच गेलंय. पाहणाऱ्यानं कोणतंही सेटिंग बदललं तरी ते परत येणार नाही. चूक पाठवणाऱ्याकडे आहे.
- रिकामे चौकोन: फॉन्टची शंका घ्यावी अशी ही एकच स्थिती.

इशारा: अक्षरं वाचता येतात, पण काही कांजींचं वळण चिनी पद्धतीचं दिसतं, अशी तक्रार आली तर तो कोडचा दोष नाही. युनिकोडमध्ये जपानी आणि चिनी कांजींना बऱ्याचदा एकच क्रमांक असतो. कोणत्या वळणाचा फॉन्ट घ्यायचा हे प्रोग्रॅमला भाषा कळली तरच ठरवता येतं. एचटीएमएल मेलच्या मुळाशी भाषा जपानी असल्याचं ‘लँग’ ॲट्रिब्यूट लावा, आणि चारसेटला हात लावू नका.

## २. कोड ठरवा, आणि एकच ठरवा

नव्या कामासाठी यूटीएफ-८. यावर फार वाद घालायची गरज उरलेली नाही. जीमेल, आउटलुक, थंडरबर्ड, आयफोन, ॲण्ड्रॉइड सगळे ते नीट वाचतात. जुन्या फ्लिप-फोनचा धाक घालून कोणी आयएसओ-२०२२-जेपीचा आग्रह धरत असेल, तर जपानी मोबाइल कंपन्यांपैकी एयूचं थ्रीजी जाळं मार्च २०२२ मध्ये बंद झालंय आणि डोकोमोनं आपल्या फोमा आणि आय-मोड सेवांसाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती, एवढं सांगा.

आयएसओ-२०२२-जेपी निवडायची ती एकाच कारणानं: पलीकडे मेल वाचणारा माणूस नसून जुनी यंत्रणा आहे. ऑर्डरचे मेल वाचून डेटाबेसात भरणारा प्रोग्रॅम, मेलवरून फॅक्स काढणारी सेवा, कारखान्यातली जुनी सूचना-यंत्रणा, असं काहीतरी. अशा ग्राहकाच्या तांत्रिक कागदात कोडचं नाव लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तोंडी ‘बहुतेक जिस’ यावर विसंबू नका, त्यांच्याकडून चालू असलेल्या एका मेलचे पूर्ण हेडर (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळी) मागवा.

आणि शिफ्ट-जिस? फाइलसाठी ठीक, मेलसाठी नको. त्यात काही कांजींचा दुसरा बाइट हा बॅकस्लॅशचाच बाइट असतो. ‘योतेई’ म्हणजे नियोजित कार्यक्रम, या शब्दातली पहिली कांजी त्यातलीच. दहाची कांजी, तक्त्यासाठी वापरतात ती कांजी आणि काताकानातला ‘सो’ हीसुद्धा. टेम्प्लेट शिफ्ट-जिसमध्ये साठवलं असेल आणि तुमची स्क्रिप्ट बॅकस्लॅशला विशेष अर्थ देत असेल, तर नेमके हेच शब्द फुटतात आणि बाकीचा मेल सुरळीत असतो. मग शोधत बसा.

तपासणी: टेम्प्लेटच्या फाइली, डेटाबेस, प्रोग्रॅमचा अंतर्गत कोड, तिन्ही यूटीएफ-८ आहेत ना? ‘एनकेएफ’ या कोड ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला ‘जी’ हा पर्याय दिला की फाइलचा कोड कोणता असावा हे ते सांगतं. टेम्प्लेटच्या प्रत्येक फाइलवर ते चालवा. एखादी जुनी स्वाक्षरीची फाइल हमखास शिफ्ट-जिस निघते. आयएसओ-२०२२-जेपी पाठवायचं असलं तरी आतलं सगळं काम यूटीएफ-८मध्ये ठेवा आणि रूपांतर अगदी शेवटी, मेल बाहेर पडताना, एकदाच करा.

## ३. मजकूर चाळून घ्या

यूटीएफ-८ पाठवणाऱ्यांनी या टप्प्यातला फक्त शेवटचा, फुटलेल्या अक्षरांचा भाग वाचला तरी चालेल. आयएसओ-२०२२-जेपीवाल्यांचा निम्मा त्रास मात्र इथेच आहे, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

या कोडची १९९३ची व्याख्या, आरएफसी १४६८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारा कागद), मोजका अक्षरसंच देते: आस्की (साधी रोमन अक्षरं आणि अंक), जिस या जपानी मानकातले रोमन आणि जिस एक्स ०२०८ मधली अक्षरं. रोजच्या जपानी व्यवहारातली पुष्कळ चिन्हं त्याबाहेर आहेत:

वर्तुळातले अंक, रोमन अंक, कंसातली ‘काबु’ ही कंपनीच्या नावाला लावायची एका अक्षराची खूण. ही विंडोजनं उचललेली जादा अक्षरं. सूचनांच्या याद्यांमध्ये वर्तुळातला १, वर्तुळातला २ असं लिहायची जपानी ऑफिसांमध्ये फार सवय आहे, त्यामुळे टाळता टळत नाहीत. त्यांच्या जागी कंसातला साधा अंक टाका, आणि ‘काबु’ची कांजी साध्या कंसात वेगळी लिहा.

अर्ध्या रुंदीचा काताकाना. बँकेच्या हस्तांतरणाच्या नोंदींमधून खातेदाराचं नाव उचललंत तर ते याच रूपात येतं. ते पूर्ण रुंदीचं करा. पीएचपीत ‘एमबी-कन्व्हर्ट-काना’ला ‘के’ आणि ‘व्ही’ हे दोन्ही पर्याय मोठ्या लिपीत द्या. नुसता ‘के’ दिला तर ‘गा’चा ‘का’ आणि सुटी टिंबं होतात.

लाटेची रेघ. वेळ लिहिताना ‘दहा ते अकरा’मधला ‘ते’ म्हणून जपानीत नागमोडी रेघ वापरतात. विंडोजवर टाइप केली की ती बहुधा युनिकोडमधल्या एफएफ५ई क्रमांकाची येते, मॅकवर ३०१सीची. दिसायला दोन्ही सारख्याच. पायथनचा कडक आयएसओ-२०२२-जेपी कन्व्हर्टर ३०१सी घेतो आणि एफएफ५ईला अडतो. सीपी९३२, म्हणजे विंडोजचा शिफ्ट-जिस, बरोबर उलटं वागतो. बैठकीच्या निमंत्रणात ‘१०:०० ? ११:००’ दिसलं तर कारण हेच. पूर्ण रुंदीच्या वजाच्या चिन्हाचंही तसंच: एफएफ०डी आणि २२१२ अशी जोडी आहे, आणि ते पत्त्यांमध्ये, फोन नंबरांमध्ये दडून बसतं.

नावांमधल्या कांजी. ‘ताकाहाशी’ आडनावातल्या ‘ताका’चं शिडीसारखं दिसणारं रूप, ‘यामासाकी’तल्या ‘साकी’चं वेगळं रूप, ‘योशि’चं वरची रेघ आखूड असलेलं रूप. पहिली दोन निदान विंडोजच्या जादा अक्षरांत आहेत, तिसरं सीपी९३२मध्येही नाही. इथे गुपचूप बदल करू नका. चिन्हाच्या जागी चिन्ह घातलं तर कोणी विचारत नाही. माणसाच्या नावाचं तसं नसतं. ग्राहकाची लेखी संमती घ्या, किंवा तो मेल यूटीएफ-८नं पाठवा.

आपल्याकडची भर. रुपयाचं चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आलं. या कोडमध्ये ते असणं शक्यच नाही, त्यामुळे कोटेशनमध्ये ‘आयएनआर’ लिहा. स्वाक्षरीत देवनागरी नाव असेल, वर्डमधून चिकटवलेली न तुटणारी मोकळी जागा असेल, इमोजी असेल, तरी तेच. येनसाठी येनची कांजीच वापरा. बॅकस्लॅश आणि येनचं चिन्ह यांचा घोळ वेगळाच आहे, त्यात पडू नका.

फुटलेली अक्षरं. मॅकवरून आलेल्या फाइलनावांत ‘गा’ हे अक्षर ‘का’ अधिक जोड-टिंबं असं दोन तुकड्यांत असू शकतं. यूटीएफ-८मध्येही अशी नावं शोधताना सापडत नाहीत, आणि आयएसओ-२०२२-जेपीत तर टिंबंच गळतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण लावलं की तुकडे जुळतात. पण एनएफसी काही सुसंगतता-कांजींनाही, उदाहरणार्थ ‘फुकु’च्या जुन्या वळणाला, नव्या वळणात बदलतं. म्हणून नावाच्या रकान्यावर सरसकट लावण्याआधी विचार करा. एनएफकेसी तर त्याहून आक्रमक: ते वर्तुळातला १ साधा १ करतं, अर्ध्या रुंदीचा काताकाना पूर्ण करतं, पण विंडोजची लाटेची रेघ आस्कीच्या टिल्डात बदलून टाकतं. आधी स्वतःचा बदल-तक्ता चालवा, मग सामान्यीकरण.

इशारा: ‘आमच्याकडे वर्तुळातले अंक नीट दिसतात की!’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. दिसतात, कारण पुष्कळ मेल-प्रोग्रॅम आयएसओ-२०२२-जेपीचं लेबल पाहून प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टचा सैल अवतार, सीपी५०२२१ वगैरे, वापरतात. जुन्या यंत्रणेतला कडक कन्व्हर्टर तसं करत नाही, आणि ती यंत्रणा आहे म्हणूनच तर तुम्ही हा कोड निवडलाय.

तपासणी: रूपांतरात न बसणारं अक्षर आलं की प्रोग्रॅमनं थांबलं पाहिजे. पायथन मुळातच एरर देतं, तो ‘इग्नोर’ किंवा ‘रिप्लेस’ लावून दाबू नका. जावा मात्र मुकाट्यानं प्रश्नचिन्ह टाकतं. तिथे एन्कोडर वेगळा तयार करून न बसणाऱ्या अक्षरासाठी ‘रिपोर्ट’ लावा. पीएचपीत चाचणीपुरतं ‘एमबी-सब्स्टिट्यूट-कॅरेक्टर’ला ‘लाँग’ द्या, म्हणजे प्रश्नचिन्हाऐवजी हरवलेल्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दिसेल.

## ४. विषय आणि नावं

हेडरमध्ये कच्चे जपानी बाइट जाऊ द्यायचे नाहीत. आरएफसी २०४७ची पद्धत अशी: बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, कोडचं नाव, प्रश्नचिन्ह, ‘बी’, प्रश्नचिन्ह, बेस६४ मजकूर (म्हणजे बाइट साध्या रोमन अक्षरांत लिहून), प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह. असा एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा.

हे हातानं करू नका, लायब्ररीकडून करून घ्या. तरी हिशेब माहीत असावा, कारण लायब्ररी जुनी असली की ती इथेच घसरते. आयएसओ-२०२२-जेपीत वेष्टनाला १८ अक्षरं जातात. उरलेल्या ५७ पैकी ५६मध्ये बेस६४चे ४२ बाइट बसतात. त्यातले ६ जपानीत शिरण्या-निघण्याच्या एस्केप खुणांचे. उरले ३६, म्हणजे १८ कांजी. यूटीएफ-८मध्ये वेष्टन १२ अक्षरांचं, ४५ बाइट मजकूर, प्रत्येकी ३ बाइटांनी १५ कांजी. पहिल्या ओळीत ‘सब्जेक्ट’ हे नाव, कोलन आणि मोकळी जागाही ७६च्या मर्यादेत बसवायची, म्हणून तिथे आणखी कमी: अनुक्रमे १५ आणि १३. जपानी कामाच्या मेलचा विषय याहून लांब असतोच. म्हणजे विषयाचे दोन-तीन तुकडे होणारच, आणि कसोटी तुकडे पाडण्यात आहे.

हमखास होणाऱ्या चुका:

- पूर्ण विषयाचं बेस६४ करून मग ते ७५ अक्षरांवर कापणं. त्यामुळे कांजी मधोमध चिरते. आधी अक्षरांवर तुकडे करायचे, मग प्रत्येकाचं स्वतंत्र बेस६४.
- आयएसओ-२०२२-जेपीचा तुकडा आस्कीत परत न येता संपवणं. प्रत्येक तुकडा आस्कीत सुरू होऊन आस्कीतच संपला पाहिजे.
- नाव आणि पत्ता एकत्र कोड करणं. कोड फक्त नावाचा करायचा, कोनी कंसातला पत्ता जसाच्या तसा.
- कोड केलेल्या नावाभोवती दुहेरी अवतरण चिन्हं घालणं. मग काही प्रोग्रॅम ते उलगडतच नाहीत आणि ‘पाठवणारा’च्या जागी बेस६४चा घोळका दिसतो.
- दोन तुकड्यांमधली मोकळी जागा खरी समजणं. उलगडताना ती गळते. हवी असेल तर तुकड्याच्या आत ठेवा.

तपासणी: आयएसओ-२०२२-जेपीचा, जपानी अक्षरानं सुरू होणारा तुकडा बेस६४मध्ये जी-वाय-आर-सी या चार रोमन अक्षरांनी सुरू होतो: पहिलं आणि शेवटची दोन मोठ्या लिपीत, ‘वाय’ छोट्या. एकदा डोळ्यांत बसलं की कच्चा विषय पाहताच कोड कळतो.

## ५. मजकूर: ट्रान्सफर एन्कोडिंग आणि ओळीची लांबी

प्रत्येक भागाला दोन ओळी लागतात: चारसेटसह कंटेंट-टाइप, आणि कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग (प्रवासासाठी बाइट कसे लिहिलेत ते). दुसरी ओळ लोक विसरतात.

यूटीएफ-८साठी बेस६४ घ्या. एक कांजी त्यात ४ बाइटांची होते, कोटेड-प्रिंटेबलमध्ये तीच ९ बाइटांची. ‘८बिट’ तांत्रिकदृष्ट्या वैध आहे, पण वाटेतला एखादा सर्व्हर ते घेत नसेल तर आधीचा सर्व्हर मजकूर पुन्हा कोड करतो. मेलवर डीकेआयएम सही (पाठवणारा खरा असल्याची खूण) असेल तर ती तिथेच मोडते, आणि मग अक्षरं नीट असूनही मेल स्पॅममध्ये जातो. आयएसओ-२०२२-जेपीसाठी ‘७बिट’ पुरेसं, तो कोडच सात बिटांचा आहे.

ओळीची लांबी ही खरी छुपी खोड. मेलमध्ये एका ओळीत ९९८हून जास्त बाइट चालत नाहीत. जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे वेब-फॉर्ममधून आलेला परिच्छेद ही एकच लांबलचक ओळ असते. ‘८बिट’ यूटीएफ-८मध्ये ३३२ अक्षरांनंतर मर्यादा संपते, आणि सर्व्हर बाइट मोजून ओळ तोडतो, अक्षर पाहून नाही. आयएसओ-२०२२-जेपीत मर्यादा ४९६ अक्षरांवर येते, पण नुकसान मोठं: प्रत्येक ओळ आस्कीतून सुरू होते असा नियम असल्यानं, तुटलेल्या ओळीचा उरलेला सगळा भाग डॉलरच्या चिन्हांमध्ये बदलतो. ‘छोटे मेल नीट जातात, मोठेच बिघडतात’ ही तक्रार आली की चारसेट सोडा आणि ओळी मोजा.

उपाय सोपा आहे. जपानी कामाच्या मेलमध्ये ३०-३५ अक्षरांवर ओळ तोडायचा रिवाज आहेच, तोच पाळा. पण तोडणी रूपांतराच्या आधी, युनिकोड अक्षरं मोजून करा.

एचटीएमएल मेल असेल तर आत ‘मेटा चारसेट’ असतो. तो हेडरशी जुळला पाहिजे. साधा मजकूर आणि एचटीएमएल असे दोन्ही भाग असतील तर दोघांना स्वतंत्र चारसेट लावा. एकाला लावून दुसरा मोकळा सोडलेला फार वेळा दिसतो.

इशारा: ‘एसएमटीपी-यूटीएफ८’ नावाचा पर्याय दिसला म्हणून चालू करू नका. तो ईमेल पत्त्यातच बिगर-रोमन अक्षरं असतील तेव्हासाठी आहे. जपानी मजकुरासाठी त्याची गरज नाही, आणि पलीकडचा सर्व्हर तो घेत नसेल तर मेल परत येऊ शकतो.

## ६. जोडलेल्या फाइली

फाइलच्या नावासाठी नियम वेगळा आहे, आरएफसी २२३१: ‘फाइलनेम’पुढे तारा, मग कोड, मग टक्क्याच्या चिन्हांनी लिहिलेले बाइट. जुने प्रोग्रॅम मात्र विषयाचीच पद्धत अवतरणांत घालून वापरायचे. ती नियमबाह्य असली तरी बरेच जण ती ओळखतात. म्हणून कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये नियमाप्रमाणे आणि कंटेंट-टाइपच्या ‘नेम’मध्ये जुन्या पद्धतीनं, असं दोन्हीकडे लिहायची वहिवाट आहे. माझं मत विचाराल तर फाइलला ‘मित्सुमोरी’ (कोटेशन) असं रोमन नाव आणि तारीख द्या, जपानी शीर्षक मजकुरात लिहा. सरळ काम.

सीएसव्ही जोडताना नाव नव्हे, आतला मजकूर बघा. जपानी विंडोजवरचं एक्सेल बीओएम (फाइलच्या सुरुवातीची कोडची खूण) नसलेली यूटीएफ-८ सीएसव्ही सीपी९३२ समजून उघडतं. सुरुवातीला बीओएम लावा, किंवा ग्राहकाला विचारून सीपी९३२मध्ये द्या. ही तक्रारही ‘मेलमध्ये मोजिबाके’ म्हणूनच येते.

## ७. कुठे काय लावायचं

पीएचपी. ‘एमबी-लँग्वेज’ला ‘जपानीज’ दिलं की ‘एमबी-सेंड-मेल’ आयएसओ-२०२२-जेपी पाठवतं. यूटीएफ-८ हवं तर ‘युनि’ द्या. कुठल्या तरी जुन्या लेखातून ‘जपानीज’ची ओळ उचलून, खाली हेडरमध्ये हातानं यूटीएफ-८ लिहिलेले प्रोग्रॅम भरपूर आहेत. बाइट एक, लेबल दुसरं. अंतर्गत कोडही यूटीएफ-८ असल्याची खात्री करा.

पायथन. नव्या ‘ईमेल-मेसेज’मध्ये मजकूर भरताना ट्रान्सफर एन्कोडिंग स्पष्टपणे बेस६४ द्या, नाहीतर छोट्या ओळींच्या मजकुराला ते ‘८बिट’ निवडू शकतं. हा वर्ग विषय नेहमी यूटीएफ-८मध्येच कोड करतो. मजकूर आयएसओ-२०२२-जेपी आणि विषय यूटीएफ-८ ही जोडी वैध आहे, पण जुन्या यंत्रणेसाठी निरुपयोगी. तिथे जुना ‘माइम-टेक्स्ट’ आणि ‘हेडर’ वर्ग वापरा.

जावा. विषय आणि मजकूर दोन्ही भरताना चारसेटचा पॅरामीटर द्या. तो सोडलात तर जावाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये सर्व्हरच्या डीफॉल्टवर अवलंबून राहता, आणि विकसकाच्या मशीनवर चाललेलं प्रॉडक्शनमध्ये फसतं.

आउटलुक. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे ‘इंटरनॅशनल ऑप्शन्स’. आपोआप कोड निवडायची खूण काढा आणि यूटीएफ-८ ठेवा. एक्सचेंज असेल तर रिमोट डोमेनच्या सेटिंगमध्येही कॅरेक्टर सेट असतो, आणि तो ॲडमिनच्या हातात आहे. तुमच्याकडचं बरोबर असूनही बाहेर वेगळंच जात असेल तर तिथे बघायला सांगा.

मट (टर्मिनलमध्ये चालणारा मेल-प्रोग्रॅम). ‘सेंड-चारसेट’मध्ये आस्की, आयएसओ-२०२२-जेपी, यूटीएफ-८ अशी क्रमवार यादी द्या. ज्यात मजकूर बसेल तो पहिला कोड ते निवडतं.

## ८. कच्चा मेल तपासा

स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून ‘दिसतंय’ म्हणणं ही चाचणी नाही. मेल-प्रोग्रॅम अंदाज बांधून तुमच्या चुका झाकतात. जीमेलच्या पत्त्यावर पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ उघडा.

चाचणीच्या मजकुरात हे सगळं मुद्दाम घाला: तीसहून जास्त कांजींचा विषय, कंसात रोमन आणि जपानी मिसळलेलं पाठवणाऱ्याचं नाव, ‘योतेई’ हा शब्द, वर्तुळातला १, लाटेची रेघ दोन्ही क्रमांकांची, अर्ध्या रुंदीचा काताकाना, शिडीवाला ‘ताका’, आणि एकही ओळ न तोडलेला सहाशे अक्षरांचा परिच्छेद. आयएसओ-२०२२-जेपीसाठी यातल्या निम्म्या गोष्टी प्रोग्रॅमनं अडवल्या किंवा बदलल्या पाहिजेत. बिनतक्रार गेल्या तर तिसरा टप्पा चालूच नाही.

मग कच्च्या मेलमध्ये वरून खाली बघत जा: विषयाचा प्रत्येक तुकडा ७५ अक्षरांच्या आत आहे का, सगळ्या तुकड्यांत कोडचं नाव तेच आहे का, पत्ता कोड न होता उघडा आहे का, प्रत्येक भागाला चारसेट आणि ट्रान्सफर एन्कोडिंग दोन्ही आहेत का. शेवटी मजकुराचा बेस६४ भाग उचलून स्वतः उलगडा आणि ‘एनकेएफ’ला त्याचा कोड विचारा. त्यानं सांगितलेलं नाव आणि लेबलवरचं नाव वेगळं असेल, तर दुसऱ्या टप्प्याच्या तपासणीकडे परत जा आणि रूपांतर नेमकं कुठल्या ओळीत होतंय, की दोनदा होतंय, ते शोधा.

हे सगळं झाल्यावर ग्राहकाच्या खऱ्या यंत्रणेकडे एकच चाचणी-मेल पाठवा, विषयात ‘तेसुतो’ (टेस्ट) लिहून, आणि त्यांनी पोच दिल्याशिवाय यादीतल्या बाकीच्यांना पाठवायला सुरुवात करू नका.